वयाला शोभेल असे

‘वयाला शोभेल असे वागावे’ हे वाक्य मराठी कुटुंबात पुरुषापेक्षा स्त्रीच्या वाट्याला अधिक येते आणि त्याचा रोख बहुधा तिच्या नेसण्यावर असतो. पिकल्या केसांतला गजरा किंवा वृद्धेच्या अंगावरचा भडक रंग आपल्या नजरेला खुपतो. वडीलधाऱ्या स्त्रीचा मान आपण राखतो, सणावारी तिच्या पाया पडतो. परंतु त्या मानामागे एक न बोललेला करार असतो. तिने स्वतःविषयीची हौस आवरती घ्यावी, म्हणजे आपण तिला आदर देऊ. केशवपन केलेल्या विधवेच्या आलवणात या कराराचे सर्वांत क्रूर रूप दिसले. तेथे त्याग पुरता वसूल झाला आणि आदर मात्र मिळाला नाही.

या पार्श्वभूमीवर फ्रेंच संस्कृतीचा निराळेपणा आपल्याला मोहवतो. मादाम द्यु देफां यांची दृष्टी पन्नाशीनंतर गेली, तरी १७८० मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांच्या पॅरिसमधील दिवाणखान्यात लेखक आणि मुत्सद्दी येत राहिले, ते त्यांच्या बुद्धीच्या धारेसाठी. कोको शानेल यांनी १९५४ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, आपला वेशभूषेचा व्यवसाय नव्याने उभा केला. २०१२ मध्ये फ्रेंच शासनाने सरकारी अर्जांतून ‘मादमुआझेल’ हे अविवाहितेचे संबोधन काढून टाकले. ‘मादाम’ म्हणवून घेण्यासाठी तेथे पती असावा लागत नाही. आपण मात्र अनोळखी वृद्धेला मान द्यायचा तर तिला आधी मावशी किंवा आजी करतो. त्यात जिव्हाळा आहे, यात शंका नाही. पण कोणाचीही कोणी नसलेल्या स्त्रीला आपल्या भाषेत आदराची जागा कोणती, हा प्रश्न उरतोच.

तथापि फ्रेंचांची ही प्रतिमा निर्दोष मानण्याचे कारण नाही. शानेल यांच्या पुनरागमनाचे स्वागत अमेरिकेने केले. पॅरिसच्या वृत्तपत्रांनी त्यांची वस्त्रे कालबाह्य ठरवली. सिमोन द बोव्हुआर यांनी १९७० मध्ये वार्धक्यावर बृहद्ग्रंथ लिहिला, तोच मुळी फ्रेंच समाज आपल्या वृद्धांकडे पाठ फिरवतो या आरोपाने. म्हणजे करार तेथेही आहे, फक्त त्याचे कलम उलटे आहे. आपण वृद्धेला सांगतो, ‘हौस सोड’. तेथे तिला सांगितले जाते, ‘देखणी राहा’. दोन्हीकडे माप समाजाच्या हाती असते.

ही दोन्ही मापे जिला लागू पडली नाहीत अशा एका स्त्रीचा प्रवास कोलकात्यात सुरू झाला आणि पॅरिसमध्ये संपला. फेब्रुवारी १८५६ मध्ये कंपनी सरकारने अवध खालसा केल्यावर राजे वाजिद अली शाह कोलकात्यास आले. हुगळीकाठच्या गार्डन रीचमध्ये, मटियाबुर्ज येथे, त्यांनी आपले हरवलेले लखनौ पुन्हा वसवले आणि १८८७ मध्ये तेथेच देह ठेवला. पण विलायतेस जाऊन राणी व्हिक्टोरियापुढे गाऱ्हाणे मांडण्याचे काम पत्करले त्यांच्या आईने. मलिका किश्वर विधवा होत्या, पन्नाशी ओलांडलेल्या होत्या आणि त्यांचे सारे आयुष्य पडद्यात गेले होते.

ऑगस्ट १८५६ मध्ये त्या साउदॅम्प्टनला उतरल्या, तेव्हा गर्दी जमली ती नवलाईसाठी. जुलै १८५७ मध्ये राणीची भेट झाली, परंतु तोवर हिंदुस्थानात उठाव भडकला होता. पार्लमेंटपुढील त्यांचा अर्ज, त्यात ‘नम्र’ हा रूढ शब्द नाही, एवढ्या कारणावरून निष्फळ ठरला. परतीच्या वाटेवर, जानेवारी १८५८ मध्ये, पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले आणि पेर लाशेझच्या दफनभूमीतील मुस्लिमांसाठी राखलेल्या भागात त्यांना पुरण्यात आले. त्यांची अंत्ययात्रा थाटाची होती. पॅरिसकर ती पाहायला रस्त्यावर आले.

लंडनने त्यांच्या पडद्याकडे पाहिले, पॅरिसने त्यांच्या अंत्ययात्रेकडे. त्यांचे म्हणणे काय होते, ते ऐकून घेण्याची तसदी मात्र कोणी घेतली नाही. आदर आणि कौतुक यांतील अंतर येथे स्पष्ट होते. कौतुकाला डोळे पुरतात. आदराला कान लागतात. आणि शैली म्हणजे केवळ वस्त्रांची निवड नव्हे. परमुलखात, अपयश समोर दिसत असताना, आपल्या रीतीने राहणे आणि आपल्या शब्दांत मागणे, हीही शैलीच होय. ती कोणाला शोभावी म्हणून धारण केलेली नसते.

आज मटियाबुर्ज तयार कपड्यांच्या शिलाईसाठी प्रसिद्ध आहे. तेथील कारागिरांना ठाऊक असते की कापड बेतायचे ते नेसणाऱ्याच्या अंगाच्या मापाने, पाहणाऱ्याच्या नजरेच्या नव्हे. वृद्ध स्त्रीच्या बाबतीत एवढे साधे व्यवहारज्ञान आपण का विसरतो? तिने शुभ्र नेसावे की गडद, हे तिचे तिने ठरवावे. तिचे बोलणे पुरते होईपर्यंत आपण थांबतो की नाही, ही परीक्षा मात्र आपली आहे.