सोबत

एखाद्याबरोबर जाणे म्हणजे नेमके काय करणे, आणि ते कोठवर करणे हे आपले कर्तव्य ठरते, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. शब्दांच्या कुळी धुंडाळण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्या इतिहासाचार्य राजवाड्यांचा देहान्त ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास झाला. त्या खानदेशाच्या भूमीवर तरी या प्रश्नाचा विचार शब्दांच्याच वाटेने करणे उचित होय.

प्रथम 'साथ' घेऊ. संस्कृत 'सार्थ' म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. त्यापासून हा शब्द आला. सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारा जुना व्यापारी मार्ग नंदुरबारवरून खानदेशातून जात असे. अशा वाटेवर माणसे एकत्र चालत ती प्रेमाने नव्हे, चोराचिलटांच्या भयाने. वाटेत संरक्षणासाठी बरोबर घेतलेल्या माणसास 'बोळावा' म्हणत. मुक्काम आला की त्याचे काम संपले.

'बोळवण' याहून कोमल आहे. आखाजीला मुराळी बनून भाऊ बहिणीला माहेरी आणतो आणि सणानंतर घरची माणसे तिची बोळवण करतात. येथे भय नाही, माया आहे. परंतु मर्यादाही आहे. 'शाकुंतला'त मुलीला निरोप देणाऱ्या कण्वास शिष्य सुचवितात की, प्रियजनास पाण्याच्या काठापर्यंतच पोहोचवावे. ही मर्यादा निष्ठुर नाही. जिला पुढे आपले घर उभे करावयाचे आहे, तिच्या वाटेवर आपण अखेरपर्यंत चालू लागलो, तर ती वाट तिची राहत नाही.

मग युधिष्ठिराचे काय? महाप्रस्थानात बरोबर आलेल्या कुत्र्याला सोडून त्याने स्वर्गही नाकारला. त्याने पाण्याचा काठ का मानला नाही? आमच्या मते या दोन गोष्टींत विरोध नाही. शकुंतलेला पुढे जावयाचे स्थान होते; त्या मुक्या प्राण्याला युधिष्ठिरावाचून कोणी नव्हते. ज्याला पुढे आधार आहे, त्याला योग्य ठिकाणी निरोप देणे हे प्रेम. ज्याला आपणच आधार आहोत, त्याला दारात सोडणे हा विश्वासघात. कोठवर जावयाचे, हे आपल्या थकव्यावरून नव्हे, तर दुसऱ्याच्या गरजेवरून ठरावे.

परंतु दुसऱ्याच्या गरजेपुढे स्वतःला पुसून टाकावे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. कर्णाने दुर्योधनाची साथ अखेरपर्यंत सोडली नाही; तथापि मित्राला अधर्मापासून परतवू शकली नाही ती निष्ठा कितीही उदात्त असली तरी अपुरीच. बरोबर चालणाऱ्याने आपली चाल दुसऱ्याशी जुळवावी. आपली दृष्टी मात्र गहाण टाकू नये.

याचे सुंदर उदाहरण धुळ्याच्या तुरुंगातच घडले. १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. गुरुजी स्वतः अमळनेरचे नामांकित शिक्षक, स्वतः लेखणीचे धनी. त्यांना सांगण्यासारखे स्वतःचे पुष्कळ होते. तरी त्या रविवारी त्यांनी आपली लेखणी दुसऱ्याच्या वाणीच्या पावलाने चालविली. यात त्यांचे काही उणे झाले नाही. उलट त्यांच्या सोबतीवाचून तो बोल हवेत विरून गेला असता.

आता 'सोबत'. हा शब्द अरबी 'सुहबत'पासून फारसीच्या वाटेने मराठीत आला. त्याच धातूपासून निघालेला 'साहिब' म्हणजे मूळचा सोबती. तोच पुढे धनी झाला आणि आपल्याकडे 'साहेब' म्हणून खुर्चीवर बसला. एकाच कुळातील दोन भावंडे. एक बरोबर चालत राहिले, दुसरे वर चढले आणि आपले मूळ विसरले. दुर्बळाला हात देताना, वृद्धाला वाट दाखविताना, मुलाला शिकविताना हाच धोका पावलोपावली असतो. सोबत करण्यास निघालेला माणूस नकळत साहेब होऊन बसतो. ज्याला आपण सोबत करतो, त्याच्या चालीने चालण्याची तयारी आहे की नाही, एवढे ज्याने त्याने आपल्याशी तपासून पाहावे.