भिंतीची पलीकडची बाजू

दिवाळीच्या तोंडावर घराला रंग देताना एक मौजेची गोष्ट ध्यानात येते. बैठकीचा रंग कोणता असावा यावर घरात आठ-आठ दिवस खल चालतो. आवाराच्या भिंतीची आतली बाजूही हौसेने रंगते. पण त्याच भिंतीच्या शेजाऱ्याकडच्या बाजूला कोणता रंग द्यायचा, असे रंगाऱ्याने विचारले की सगळे एकमेकांकडे पाहू लागतात. भिंत माझी, तिला लागलेला पैसा माझा. पण ती बाजू रोज सकाळी उठून पाहायची शेजाऱ्याने. मग ती बाजू कोणाची? गेली काही वर्षे हा प्रश्न माझ्या मनात ठाण मांडून बसला आहे. त्याला कारणही तसेच घडले.

आम्ही नागपूरच्या पश्चिम भागातल्या एका जुन्या ले-आउटमध्ये राहतो. आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या आवारामध्ये माझ्या वडिलांनी लावलेले मेंदीचे कुंपण होते. उंची कमरेएवढी, आणि मधोमध मुलांच्या जाण्यायेण्याने पडलेली एक फट. विरजणाची वाटी, उसनी साखर, दिवाळीच्या फराळाची ताटे, सारा व्यवहार त्या फटीतून चाले. 2022 च्या उन्हाळ्यात मी ती मेंदी काढून टाकली. कारणे सगळी रास्त होती. मेंदी दर पावसाळ्यात हातभर पसरे, तिच्या बुडाशी एकदा साप निघाला होता, आणि गाडी उभी करायला जागा पुरत नव्हती. एक कारण मात्र मी कोणालाच सांगितले नाही. छाटणीचा पाला कोणी उचलायचा, यावरून काकूंशी माझी बोलाचाली झाली होती आणि तो राग अजून उतरला नव्हता. काकू एवढेच म्हणाल्या, "तुमची भिंत तुमच्या जागेत बांधा जी. माझं काही म्हणणं नाही."

रागावलेला माणूस नियम फार काळजीपूर्वक वाचतो. मीही वाचले. डिसेंबर 2020 मध्ये राज्यातल्या बहुतेक शहरांना मिळून एकच विकास नियमावली लागू झाली. तीत नागपूरही आले. आमच्याकडे ज्याला 'वालकंपाऊंड' म्हणतात, त्याची उंची तीत ठरवून दिली आहे. समोरच्या रस्त्याच्या मध्यापासून मोजून 1.5 मीटर, म्हणजे सुमारे पाच फूट. 2.4 मीटरपर्यंत जायचे असेल, तर वरचा 0.9 मीटर भाग जाळीचा, आरपार दिसणारा हवा. कोपऱ्यावरच्या प्लॉटचे बंधन आणखी कडक आहे. दोन रस्ते मिळतात तेथून दोन्ही अंगांना 10 मीटरपर्यंत भरीव भिंत फक्त 0.75 मीटर, जेमतेम अडीच फूट. त्यावर हवी तर जाळी लावावी.

या शेवटच्या नियमापाशी मी तेव्हाच थांबायला हवे होते. वळणावर समोरून येणारे मूल, सायकलवाला किंवा म्हातारा माणूस वेळीच दिसावा, म्हणून ती भिंत ठेंगणी. त्या वाटसरूचे नावगाव मालकाला ठाऊक नसते, आणि मालकाचे त्याला. तरीही त्याच्या नजरेसाठी मालकाने स्वतःच्या जागेतली, स्वतःच्या पैशाची भिंत खाली ठेवायची. मला तर यात धर्म दिसतो. तुझ्या हद्दीत परक्याचे पाऊल पडू नये हे मान्य. पण परक्याची वाट तू आंधळी करू नकोस, असे तो नियम सांगतो.

हा विचार आजचा नाही आणि त्याची दुसरी बाजूही जुनी आहे. ज्या मनुस्मृतीचे 1927 साली महाडला दहन झाले, तिने माणसामाणसांत घातलेल्या भिंती आपण पाहिल्या आहेत; पण शेताच्या कुंपणाविषयी ती मोठी व्यवहारी आहे. उंटाला वरून डोकावता येऊ नये इतके ते उंच असावे, आणि कुत्र्याचे वा डुकराचे तोंड शिरेल असे भोक त्यात राहू नये. हद्दीवर वड, पिंपळ, पळस यांसारखी झाडे लावावीत, आणि जमिनीखाली कोळसे, खापऱ्या, वाळू पुरून ठेवावी. झाड कोणी तोडले तरी खूण राहावी, हा त्यातला हेतू. शेतीच्या धुऱ्यावरून विदर्भात आजही जी डोकी फुटतात, ती पाहिली की हे पुरणे फुकट नव्हते असे वाटते.

पुढे 1882 साली इंग्रजांनी सुविधाधिकारांचा कायदा केला. तो पहिल्याने जेथे लागू झाला त्यांत आपला मध्यप्रांत होता; मुंबईला तो नंतर, 1891 मध्ये गेला. एकाच्या जागेवर दुसऱ्याचा थोडासा हक्क असू शकतो, हे त्याचे सूत्र. वीस वर्षे खिडकीतून आलेला उजेड शेजाऱ्याला सहजासहजी अडवता येत नाही. आणि शेजारच्या घरातले खासगी दिसू नये अशी एखाद्या गावाची रूढी असेल, तर तिकडे नवी खिडकी पाडता येत नाही, असेही त्यात उदाहरण देऊन सांगितले आहे. एका हाताने उजेड राखायचा, दुसऱ्या हाताने आडोसा. दोन्ही एकाच कायद्यात.

माझी भिंत पाच फुटांवर इंचभरही गेली नाही. तिच्यावर बोट ठेवायला कोणाला जागा नव्हती.

दीड वर्षाने, थंडीच्या दिवसांत, काकू तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा लावताना घसरून पडल्या. मांडीचे हाड मोडले. घरात त्या एकट्या. हाका मारल्या असतील. आमच्याकडे टीव्ही चालू होता. दीड तासाने पोळ्या करणारी बाई आली तेव्हा कळले. मेंदी असती, तर माझ्या आईला स्वयंपाकघराच्या दारातून तो दिवा लागला की नाही, हे दिसले असते. ती रोज पाहत असे.

काकू इस्पितळातून घरी आल्यावर मी गेलो. भिंत पाडतो, असे म्हणालो. त्यांनी मान हलवली.

"पाडू नका जी. खरं सांगू का? भिंत झाली तेव्हा वाईट वाटलं होतं. पण त्या मेंदीवरून तुमच्या घरातल्या सगळ्यांना माझं आंगण दिसे. हे गेले त्या वर्षी कितीदा तुळशीपाशी बसून रडावंसं वाटलं. पण तिकडून कोणी ना कोणी विचारणारच, काय झालं काकू? भिंत झाल्यापासून मी माझ्या आंगणात एकटी बसते."

मी निरुत्तर झालो. भिंत घालताना मी त्यांना विचारले नव्हते, हे मला कळत होते. पण भिंत नव्हती तेव्हाही आम्ही त्यांना विचारले नव्हते, हे तेव्हा प्रथम कळले. ज्याला आम्ही शेजारधर्म म्हणत होतो, तो आमच्या सोयीचा होता. त्यांचे दुःख पाहण्याची मुभा आम्ही परस्पर घेतली होती. कुंपणच शेत खाते म्हणतात. कधी कधी कुंपण नसणेही खाते.

"एक दार काढा," काकू म्हणाल्या, "आणि कडी दोन्हीकडून ठेवा."

तसे दार काढले. दिवेलागणीला आम्ही आमची कडी काढतो, त्या त्यांची. त्यांची निघाली नाही, तर आई हाक मारते. "आज नको," असे उत्तर आले, तरी आमचे काम झालेले असते. नियमावलीत भिंत किती उंच बांधता येईल ते लिहिले आहे. किती बांधावी, हे लिहिलेले नाही. ते पलीकडच्याला विचारल्यावाचून कळत नाही, आणि एकदा विचारून भागत नाही, रोज विचारावे लागते.

गोंड राजा चांद सुलतानने नागपूरला तटबंदीचे शहर केले. तो तट आज शोधावा लागतो; महालातला जुना जुम्मा दरवाजा मात्र गांधीगेट होऊन अजून माणसांना वाट देतो आहे. ज्ञानदेवांची भिंत चांगदेवांना सामोरी चालत गेली, असे आपण भक्तीने सांगतो. माझ्यासारख्याची भिंत चालत नाही. म्हणून तिला दार लागते.

या वर्षी रंगारी आला, तेव्हा पलीकडच्या बाजूचा रंग मी काकूंना विचारला. त्या म्हणाल्या, मेंदीचा हिरवा.