साडेतीन हात

माझे वडील, अण्णा, कीर्तनकार. ‘साडेतीन हातांचा देह’ हे त्यांच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आले, पण हात नेमका कुणाचा, हे विचारायचं कधी सुचलं नाही. मुख्यसेविका म्हणून बावीस वर्षं अंगणवाड्या फिरल्यावर तो प्रश्न पडला.

अकोले तालुक्यातलं डोंगरातलं एक गाव. दोन वर्षांखालच्या लेकरांना आम्ही फळीवर निजवून मोजतो. एकीनं डोकं धरायचं, दुसरीनं गुडघे दाबायचे, आणि लेकरानं अख्खी आळी गोळा करायची. त्यापुढच्यांना भिंतीशी उभं करायचं, टाचा आणि डोकं टेकवून. त्या दिवशी उभा केलेला मुलगा नुकताच तीन वर्षांचा झाला होता. भरला 86 सेंटीमीटर. या वयाच्या मुलांची मधली उंची 96.1, आणि 88.7 च्या खाली गेला की वहीत बुटका.

आजी म्हणाली, “बाई, त्याचा बाप बी आसाच. आमचा वाणच बुटका. ज्याचं त्याचं माप देवानं दिल्यालं आसतं. आन् सारखं मोजू नका, नजर लागती.” याच आजीनं नवस फेडायला नातवाची गुळानं तुला केली होती. देवळातला काटा चालतो, आमचा चालत नाही. मला राग आला नाही. तिथे तोलून गूळ वाटतात, आम्ही तोलून नुसती नोंद करतो.

‘ज्याचं त्याचं माप’ मात्र डोक्यात राहिलं. घरी अण्णांना सांगितलं, तर ते खुलले. चरकानं देह 84 अंगुळांचा सांगितलाय, म्हणाले, तोही ज्याच्या त्याच्या बोटांनी. 24 अंगुळांचा एक हात, म्हणजे झाले साडेतीन. राजा असो की भिकारी, आपल्या हातानं सगळे सारखेच. केवढी समता!

पुढच्या खेपेला मी त्या पोराचा हात मोजला. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत 24 सेंटीमीटर. 86 ला 24 नं भागा. साडेतीनाच्या किंचित वर. शास्त्राप्रमाणे पोरगा बरोब्बर होता! मला घाम फुटला. अंगाबरोबर त्याचा हातही खुरटला होता. उपाशी देहाला त्याच्याच हातानं मोजलं तर उपास दिसणार कसा?

आमच्या वहीतल्या उंचीच्या तक्त्यामागे जागतिक आरोग्य संघटनेनं 1997 ते 2003 या काळात केलेला अभ्यास आहे. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका, प्रत्येक देशातलं एकेक शहर, आपल्याकडचं दिल्ली. अंगावर दूध मिळालेली, सुस्थितीतल्या घरांतली मुलं निवडली. एकाच गावातल्या दोन मुलांत फरक भरपूर निघाला, पण देशादेशांतला अगदी थोडा. नीट खायला-प्यायला मिळालं तर दिल्लीचं पोर ओस्लोच्या पोराच्या जवळपास वाढतं. मग वाणाचा दोष कुठे राहिला? बाप बुटका खरा, पण त्या बापालाही लहानपणी कुणी भिंतीशी उभं केलं नव्हतं. मला समता दिसते ती या परक्या पट्टीत. अण्णांच्या समतेत कुणाचं काही कमी पडल्याचं कळतच नाही.

अण्णा सहज हार मानणारे नव्हेत. म्हणाले, “कठोपनिषदात हृदयातला पुरुष अंगठ्याएवढा सांगितलाय. त्याला कुठली पट्टी लावशील?”

“कुणाच्या अंगठ्याएवढा, अण्णा?”

ते हसले. म्हणाले, आत्म्याला उंची नसते. मी म्हटलं, म्हणूनच त्याला अंडी लागत नाहीत, पोराला लागतात.

त्या घरी मी नंतर बऱ्याचदा गेले. आजीच्या समाधानासाठी मोजायच्या आधी पोराला काळी तीट लावायची, असं आमचं ठरलं. साडेतीन वर्षांचा झाला तेव्हा 89.5 भरला. साडेतीन सेंटीमीटर वाढला होता, पण वहीतल्या रेषेच्या अजून खालीच होता.