आशा : अनुमान की कर्तव्य?

संसारास नौकेची उपमा देणे हा आपल्या लेखकांचा जुना परिपाठ आहे. मात्र ती देणाऱ्यांपैकी खऱ्या नौकेत पाऊल ठेवलेले थोडेच असतील. त्यामुळे नौका मध्येच बुडाली तर दोघांनी परस्परांशी कसे वागावे, हा प्रश्न उपमेबाहेरच राहतो. ज्या एका दांपत्यास तो प्रत्यक्ष सोडवावा लागला, त्याच्या वृत्तान्तावरून आम्हांस येथे थोडा विचार करावयाचा आहे.

मॉरिस व मॅरलिन बेली हे डर्बी येथील इंग्रज जोडपे. घर विकून त्यांनी 'ऑरलिन' नावाची ३१ फुटी शिडाची नौका सिद्ध केली आणि १९७२ साली न्यूझीलंडच्या दिशेने प्रस्थान ठेवले. बाहेरच्या जगाचा उपद्रव नको म्हणून मॉरिसने संदेश पाठविण्याचे यंत्र मुद्दामच घेतले नव्हते. मॅरलिनला तर पोहताही येत नव्हते. ४ मार्च १९७३ रोजी, पनामाहून गॅलापागोस बेटांकडे जात असता, पॅसिफिक महासागरात देवमाशाच्या धडकेने नौकेस भगदाड पडले व तासाभराच्या आत ती बुडाली. उरला हवेने फुगविलेला एक रबरी तराफा, एक लहान होडी, थोडे पाणी व काही डबाबंद अन्न.

पुढे जवळजवळ चार महिने सेफ्टी पिना वाकवून केलेल्या गळांनी मासे धरावेत, कासवे मारून खावीत, पावसाचे पाणी साठवावे आणि हवा जाणारा तराफा पुनःपुन्हा फुगवावा, असा त्यांचा नित्यक्रम होता. सात जहाजे आली आणि त्यांस न पाहता निघून गेली. मॉरिस आजारी पडला, त्याची आशा मावळली. मॅरलिन मात्र सुटका होणारच असे धरून चालली. तिने कागदाचे पत्ते केले, सुटकेनंतरच्या जेवणांचे बेत आखले. इतकेच नव्हे, तर पुढच्या नौकेचाही विचार आरंभिला. अखेर ३० जून रोजी एका कोरियन मासेमारी जहाजाने त्यांस वर घेतले.

आता प्रश्न असा की, या दोघांत सत्याला धरून कोण होते? सात जहाजे गेल्यावर आठवे थांबेल असे मानण्यास आधार कोणता? मॉरिसची निराशा पुराव्यास धरून होती, हे कबूल केलेच पाहिजे. आठवे जहाज थांबले म्हणून मॅरलिनची आशा खरी ठरली, असे म्हणणेही न्याय्य नव्हे. तितक्याच आशेने बुडालेल्यांचे वृत्तान्त आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत.

आमच्या मते येथे दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते. उद्या काय घडेल, हे अनुमान. ते ठाऊक नसता आज काय करावे, हा आचार. अनुमान कसेही असो, तराफ्यात हवा भरलीच पाहिजे. मॅरलिनची आशा केवळ मनात राहिली असती, तर तिचे मोल थोडेच होते. ती गळाच्या व पत्त्यांच्या रूपाने हातांत उतरली. एकट्या माणसास निराश होण्याचा अधिकार कदाचित असेल. परंतु ज्याने हातपाय गाळल्यास दुसऱ्याचाही जीव जातो, त्याच्यापुरती आशा हे ऋण आहे. दोषाच्या हिशेबाचेही तेच. संदेशयंत्र कोणी नाकारले, हे बोलून दाखविणे असत्य नव्हते. पण तेवढ्याने तराफा फुगत नव्हता. असा हिशेब मांडण्याची जागा किनाऱ्यावर आहे.

तथापि येथे एक सावधगिरी हवी. आपल्या घरांत नोकरी जाते, दीर्घ आजार येतो, तेव्हा हे ऋण बहुधा एकट्या गृहिणीच्या नावावर लिहिले जाते. तिने हसतमुख राहावे आणि इतरांनी खुशाल खचावे. हे आम्हांस मान्य नाही. दोघांनी एकाच वेळी धीर सोडू नये, एवढाच या कर्तव्याचा अर्थ आहे. आज एकाने खचावे व उद्या दुसऱ्याने, यास मुभा आहेच.

बेली दांपत्याने पुढे 'ऑरलिन दुसरी' बांधली आणि पॅटागोनियापर्यंत पुन्हा एकत्र प्रवास केला. सुटकेहूनही ही गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. तराफ्यावरून दोघे जिवंत परतणे, यात दैवाचा वाटा होता. त्यानंतर एकमेकांसोबत पुन्हा समुद्रावर जावेसे वाटणे, हे मात्र त्यांनी स्वतः मिळविले होते.