वेदीविना मिस्सा
१९७३ मध्ये पीटर फिलिप्स यांनी ऑक्सफर्डमध्ये ‘टॅलिस स्कॉलर्स’ हा वाद्यांविना गाणारा वृंद उभा केला. १५२१ मध्ये निवर्तलेल्या जोस्कँ दे प्रे या संगीतकाराच्या दोन मिस्सांच्या, म्हणजे कॅथलिक उपासनाविधीसाठी रचलेल्या गायनाच्या, त्यांच्या ध्वनिमुद्रिकेला १९८७ मध्ये ‘ग्रामोफोन’ मासिकाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. जोस्कँच्या सगळ्या मिस्सांची त्यांची ध्वनिमुद्रण-मालिका २०२० मध्ये पुरी झाली.

पण ध्वनिमुद्रिकेत वेदी नाही, धर्मगुरू नाही, भाकर आणि द्राक्षारस नाही. मग ही प्रार्थना की निव्वळ कला?

उत्तर केवळ गायकांच्या श्रद्धेत शोधून भागत नाही. या वृंदात एका सुरावटीला सहसा दोन गायक असतात. एकाचा श्वास सरतो तिथे दुसरा ओळ पेलून धरतो. प्रत्येक जण आपला आवाज इतरांत विरघळवतो. मिस्साही भक्ताकडून हेच मागते: ‘मी’ बाजूला ठेवणं. म्हणूनच घरी एकट्याने ऐकणाऱ्यालाही मधल्या शांततेत हात जोडावेसे वाटतात.