पात्रतेची अट

‘मर्क्युरी १३’ हा डेव्हिड सिंग्टन आणि हेदर वॉल्श यांचा माहितीपट २०१८ साली नेटफ्लिक्सवर आला. अंतराळवीरांच्या वैद्यकीय चाचण्यांत उतरलेल्या आणि तरीही जमिनीवरच राहिलेल्या तेरा अमेरिकी महिला वैमानिकांची ही कहाणी. तिची नायिका जेरी कॉब. वयाच्या बाराव्या वर्षी वडिलांच्या दुपंखी विमानात उड्डाण शिकलेल्या कॉबच्या नावावर १९६०पर्यंत सात हजारांहून अधिक तासांचे उड्डाण आणि उंची, वेग, अंतर यांचे विक्रम जमा होते. माहितीपट पाहून उठणाऱ्याची समजूत साधारण अशी होते की, नासाने या महिलांना अंतराळासाठी तयार केले आणि ऐन वेळी बाहेर काढले.

ही समजूत चुकीची आहे. इतिहासकार मार्गारेट वाइटकॅम्प यांनी २००४च्या आपल्या ग्रंथात तिचे पुरते खंडन केलेले आहे. नासाचा असा कार्यक्रमच नव्हता. मर्क्युरी मोहिमेच्या उमेदवारांची तपासणी ज्यांच्या अल्बुकर्कीच्या दवाखान्यात झाली, त्या डॉ. रँडॉल्फ लव्हलेस यांनी निव्वळ कुतूहलापोटी, खासगी पैशांवर त्याच चाचण्या महिलांवर करून पाहिल्या. प्रशिक्षण कोणाचेच झाले नाही. तेरा जणी त्या काळात एकत्र कधी जमल्या नाहीत आणि ‘मर्क्युरी १३’ हे नावही पुष्कळ नंतरचे. एवढे सांगून झाले की, दुरुस्ती करणारी मंडळी हात झटकतात. अन्याय करणारी संस्थाच नव्हती, तर अन्याय कसला? येथे मात्र दुरुस्ती करणाऱ्यांचाही पाय घसरतो. माहितीपटाने गुन्हेगार चुकीचा पकडला म्हणून गुन्हा घडलाच नाही, असे ठरत नाही.

चाचण्या पोरखेळ नव्हत्या. फेब्रुवारी १९६०मध्ये कॉबच्या कानात बर्फाचे पाणी सोडून तिला भोवळ आणली गेली आणि तोल सावरायला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून मोजले गेले. जठरातील आम्ल तपासण्यासाठी रबरी नळी गिळावी लागली. पुढे ओक्लाहोमा सिटीत तिला अंगाच्या तापमानाइतक्या कोमट पाण्याच्या हौदात, पूर्ण अंधारात आणि पूर्ण शांततेत तरंगत ठेवले. कॉब ९ तास ४० मिनिटे टिकली. वॉली फंक ही तरुणी साडेदहा तासांच्याही पुढे गेली. सप्टेंबर १९६१मध्ये नौदलाच्या पेन्साकोला केंद्रावर पुढच्या चाचण्या व्हायच्या होत्या. नासाची अधिकृत मागणी नसल्याने नौदलाने नकार दिला आणि महिलांच्या हाती अवघ्या काही दिवस आधी तारा पडल्या. काहींनी त्यासाठी नोकऱ्या सोडल्या होत्या.

कॉब आणि सिनेटरपत्नी जेनी हार्ट, ज्या स्वतः त्या तेरांपैकी एक आणि आठ मुलांच्या आई होत्या, यांनी धरणे धरल्यासारखा पाठपुरावा केला आणि जुलै १९६२मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली. चिंपांझींच्या प्रशिक्षणात ग्लेंडा नावाची मादीसुद्धा आहे, याची आठवण कॉबने समितीला करून दिली. नासाच्या बाजूने अंतराळवीर जॉन ग्लेन आणि स्कॉट कार्पेंटर आले. ग्लेन यांचे म्हणणे सरळ होते: पुरुष लढायला जातात, विमाने उडवतात, परतून ती बनवतात आणि पारखतात, बाई या क्षेत्रात नाही ही समाजरचनेतील वस्तुस्थिती आहे.

नासाच्या १९५९च्या अटी अशा होत्या: वय चाळिशीच्या आत, अभियांत्रिकीची पदवी किंवा तत्सम पात्रता, १,५०० तासांचे उड्डाण, जेट वैमानिकाची पात्रता आणि लष्करी परीक्षण वैमानिकाचे प्रशिक्षण. तासांचा प्रश्नच नव्हता. परीक्षण वैमानिक व्हायला लष्करात जावे लागे आणि लष्करी जेट महिलांना बंद होते. आता गंमत पाहावी. साक्षीला आलेल्या दोघांकडेही निवडीच्या वेळी पदवी नव्हती. ग्लेन यांनी शिक्षण अर्धवट सोडले होते, कार्पेंटर यांचा एक विषय राहिला होता. दोघांना पदवी मिळाली ती १९६२मध्ये, अंतराळातून परतल्यावर. त्यांच्या बाबतीत ‘किंवा तत्सम’ हे दोन शब्द कामी आले. आपले हजारो तास परीक्षण-उड्डाणाच्या तोडीचे धरा, एवढेच कॉब मागत होती. त्या अटीपुढे मात्र ते दोन शब्द लिहिलेले नव्हते.

या सुनावणीतील खरा आक्षेप ग्लेन यांचा नाही. तो जॅकलिन कॉक्रन यांचा आहे आणि त्यावर थांबणे भाग आहे. कॉक्रन म्हणजे १९५३मध्ये ध्वनीची गती ओलांडणारी पहिली महिला, दुसऱ्या महायुद्धातील महिला वैमानिक दलाची प्रमुख, सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीची मालकीण. या महिलांच्या चाचण्यांचा खर्च तिच्याच घरातून झाला. आणि तिनेच समितीला सांगितले की घाई नको: राष्ट्रीय मोहिमेला उशीर होता कामा नये, महिलांचा मोठा गट घेऊन स्वतंत्र अभ्यास व्हावा, कारण लग्नामुळे किती जणी गळतील हे सांगता येत नाही. यात मत्सर शोधणारे पुष्कळ आहेत, कारण कॉक्रनचे स्वतःचे वय उलटून गेले होते. पण हेतूवर बोट ठेवले म्हणजे युक्तिवाद मोडत नाही. एकटीदुकटी नको, संख्या हवी, हे तिचे म्हणणे आजही टिकणारे आहे. युक्तिवाद मोडतो तो दुसऱ्या ठिकाणी. ध्वनीची गती ओलांडणारे सेबर विमान कॉक्रनला मिळाले ते कॅनडातून, पतीच्या ओळखीपाळखीने. नियमाला वळसा घालून ती वर गेली आणि वर गेल्यावर इतरांना नियमाची वाट दाखवू लागली. अपवाद म्हणून यशस्वी झालेली माणसे नियमाचे सर्वात विश्वासू राखणदार होतात.

उपराष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी या विषयावरच्या पत्राच्या मसुद्यावर हे आता थांबवा असा शेरा मारून ठेवलाच होता. १९६३मध्ये रशियाची व्हॅलेंटिना तेरेश्कोवा, गिरणीकामगार आणि हवाई छत्रीने उड्या घेणारी, ४८ प्रदक्षिणा घालून आली. वैमानिकही नसलेली! अमेरिकेत दार उघडले ते १९७८मध्ये, विशेषज्ञ म्हणून वैज्ञानिकांची निवड सुरू झाल्यावर. त्या तुकडीतील ३५ जणांत सहा महिला होत्या. अट तीच ठेवून महिला वाढल्या नाहीत. अट बदलल्यावर पहिल्याच फटक्यात सहा आल्या.

भारतात हीच गोष्ट जशीच्या तशी वाचता येते. राकेश शर्मा एप्रिल १९८४मध्ये सोयुझमधून गेले. तेव्हा हवाई दलात महिला वैमानिक एकही नव्हती. पुढच्याच वर्षी कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी केवळ महिलांच्या चमूसह कोलकाता–सिलचर फॉकर विमानाचे सारथ्य केले. उडवता येते की नाही हा प्रश्न तेव्हाच निकालात निघाला होता. हवाई दलाने लढाऊ विमाने महिलांना उघडली २०१६मध्ये, तीही प्रायोगिक म्हणून. २०१९मध्ये गगनयानाचे उमेदवार निवडले गेले तेव्हा परीक्षण वैमानिकांत महिला कुठून येणार? फेब्रुवारी २०२४मध्ये तिरुवनंतपुरमला जाहीर झालेली चारही नावे पुरुषांची निघाली. दरम्यान मानवरहित उड्डाणासाठी ‘व्योममित्र’ हा यंत्रमानव घडवला गेला, आणि त्याला रूप दिले गेले बाईचे. ग्लेंडाची आठवण व्हावी, अशी ही प्रगती.

न्यायाने सांगायचे तर न पारखलेल्या यानात पारखणारे वैमानिकच बसवावेत, ही अट अडाणीपणाची नाही. १९५९मध्येही नव्हती. दोष आहे तो त्या अटीपर्यंत पोचणाऱ्या वाटेचा. ती वाट किती लांब, ते एका उदाहरणाने पाहा. तंजावरच्या हवाई तळावर जानेवारी २०२०मध्ये सुखोई विमानांची २२२ क्रमांकाची तुकडी आली. तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवर ओरत्तनाडु आहे, जिथे आज मुलींचे सरकारी महाविद्यालय आहे. तिथल्या मुलीच्या डोक्यावरून सुखोई जातात. पदवीनंतर हवाई दलाची परीक्षा, उड्डाणाचे प्रशिक्षण, तुकडीतली वर्षे, मग बेंगळुरूची परीक्षण वैमानिकांची शाळा: इतके करायला दशक जाते. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली ती मे २०२५मध्ये. ‘पात्र महिला नव्हत्या’ हे विधान २०१९मध्ये खरे होते, कारण त्याची तजवीज वीस वर्षे आधी झालेली होती.

जून २०२५मध्ये शुभांशू शुक्ला हे परीक्षण वैमानिक ॲक्सिअम-४मधून अंतराळ स्थानकावर गेले. त्या मोहिमेची कमांडर पेगी व्हिटसन, जी शिक्षणाने जीवरसायनशास्त्रज्ञ आहे आणि परीक्षण वैमानिक कधीच नव्हती. इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी २०२३मध्ये म्हटले होते की, पुढे महिला परीक्षण वैमानिक किंवा महिला वैज्ञानिक यांना संस्थेची पसंती राहील. यातील दुसरा पर्याय दशकभर थांबायला लावत नाही. मात्र पसंती म्हणजे अट नव्हे. पुढच्या निवडीच्या कागदावर वैज्ञानिकांसाठी वेगळा रकाना छापला जातो का, यावर ती पसंती कितपत खरी होती हे ठरेल.