आजीचं पानी आणि फेआनोरचा थ

जे. आर. आर. टोल्कीनने 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या एल्फ लोकांसाठी भाषा बनवल्या, हे बहुतेकांना माहीत असतं. त्या भाषांना त्याने एक पूर्वजही दिला, हे फार थोड्यांना. क्वेन्या आणि सिंदारिन या त्याच्या दोन मुख्य एल्फ-भाषा. क्वेन्यात झाडाला म्हणतात 'आल्दा', सिंदारिनमध्ये 'गालाध'. ऐकून नातं लागत नाही. पण दोन्हींच्या मागे एक जुना शब्द आहे: *गालादा. क्वेन्यात सुरुवातीचा ग गळाला आणि मधला स्वर गिळला गेला. सिंदारिनमध्ये शेवटचा स्वर गेला आणि द घासून उच्चारला जाऊ लागला. आपल्याकडे 'हस्त'चा 'हत्थ' आणि 'हत्थ'चा 'हात' झाला, तसंच हे.

त्या शब्दाआधीचा तारा महत्त्वाचा आहे. जो शब्द कुठेही लिहिलेला सापडत नाही, पण लेकी-नातींच्या चेहऱ्यांवरून 'असणार' असं म्हणता येतं, त्याला भाषाशास्त्रात तारा लावतात. ऑगस्ट श्लायखर या जर्मन पंडिताने १८६८ मध्ये अशा तारांकित शब्दांत मेंढी आणि घोड्यांची एक गोष्टच लिहून टाकली, संस्कृत-ग्रीक-लॅटिनच्या हरवलेल्या आईच्या भाषेत. पुढच्या पंडितांनी ती पुन्हा पुन्हा लिहिली, प्रत्येक वेळी वेगळी. कारण आई कशी बोलत असेल याबद्दलचं मत बदलत गेलं.

टोल्कीनला असा तर्क करावा लागत नव्हता. पूर्वज त्याचाच, तो म्हणेल ते खरं. म्हणूनच मला त्याचा १९६८च्या सुमाराचा एक निबंध विलक्षण वाटतो. त्याच्या मृत्यूनंतर, १९९६ मध्ये तो छापला गेला. विषय एवढाच: एल्फांच्या एका कुळात एक ध्वनी बदलला. जीभ दातांमध्ये धरून म्हणायचा 'थ', इंग्रजी 'थिंक'मधला, त्याचा लोक 'स' करू लागले.

मीरिएल ही राणी जुना थ म्हणायची. तिचं नाव थेरिंदे, म्हणजे सुईकाम करणारी. तिची इच्छा होती की निदान तिच्या नावात तरी आप्तांनी थ ठेवावा. मुलाला, फेआनोरला, जन्म देऊन ती इतकी थकली की तिने जगणंच सोडलं. राजाने दुसरं लग्न केलं. नवी राणी इंदिस ज्या कुळातून आली तिथे थ शाबूत होता, पण सासरी आल्यावर ती सगळ्यांसारखा स म्हणू लागली. तिच्या मनात नवऱ्याच्या लोकांमध्ये मिसळणं होतं. फेआनोरने ऐकला तो आईचा अपमान. मग कोण थ म्हणतो आणि कोण स, यावरून माणूस कोणाच्या बाजूचा हे ठरू लागलं.

फेआनोरची माहिती चूक नव्हती. थ खरंच जुना होता. आपल्या जगात पंडितांचं एकमत होत नाही. त्या जगात मात्र खुद्द निर्मात्याची साक्ष आहे. तरी प्रश्न उरतोच: पूर्वजाचा उच्चार नक्की माहीत झाला, म्हणून तो आजच्या जिभेवर बंधनकारक होतो का?

आईच्या नावापुरता मी फेआनोरच्या बाजूने आहे. नावाला मालक असतो. पण बाकीच्या शब्दांना?

माझी आजी 'पानी' म्हणायची. 'कोनी', 'लोनी', 'म्हनून'. शाळेत आमच्या एका सरांनी अशा बोलण्याच्या नकला करून वर्ग हसवला होता, आणि हसणाऱ्यांत मी होतो. घरी येऊन मी आजीला सांगितलं, "आजी, पानी नाही, पाणी." ती म्हणाली, "तेच म्हनले की मी." मी पुन्हा सांगितलं. मग रोज सांगू लागलो.

कॉलेजात कळलं की 'पाणी'चं संस्कृत मूळ 'पानीय', न असलेलं. प्राकृतात त्या नचा ण झाला आणि तो मराठीत आला. मला केवढा आनंद झाला! म्हणजे आजीच शुद्ध, आणि सरच अपभ्रष्ट! हा मुद्दा मी बरेच दिवस खिशात घेऊन फिरलो. कोणी 'पानी'ला हसलं की काढायचा.

पुढे वाचताना तो हातातून निसटला. आजीचा न संस्कृतातून जपून ठेवलेला नव्हताच. तिच्या बोलीत ण एकदा आला आणि मग न मध्ये मिसळला. म्हणूनच ती 'गुण'लाही 'गुन' म्हणायची, जिथे संस्कृतातही ण आहे. आणि प्रमाण मराठीचं काय? 'कर्ण'चा 'कान', 'पर्ण'चं 'पान', 'सुवर्ण'चं 'सोनं'. तिन्ही ठिकाणी ण गेला आणि न आला. 'कान' म्हणणाऱ्याला कोणत्याच वर्गात कोणी हसत नाही. म्हणजे हसू ण गेल्याचं नव्हतंच. कोणाच्या तोंडून गेला, याचं होतं.

जुनी भाषा हात आणि हस्त यांचं नातं दाखवते, कान कुठून आला ते सांगते. पण सर चूक की आजी, हा प्रश्न तिला विचारण्यात अर्थच नव्हता. मी आजीच्या बाजूने तिला साक्षीला ओढत होतो, तेव्हा फेआनोरचंच काम करत होतो, फक्त पक्ष बदलून. आजीला हसू नये, यासाठी पानीय लागतच नव्हतं.

हे सगळं मला समजेपर्यंत आजी गेली होती. माझी बारावी असताना मित्र घरी अभ्यासाला यायचे. आधी ती दारातूनच विचारायची, पानी देऊ का रे पोरांनो. नंतर नंतर ती तांब्या आणि भांडी आणून मध्ये ठेवायची आणि काही न बोलता आत जायची. मला वाटायचं, अभ्यासात व्यत्यय नको म्हणून.